निंबोळी अर्क फवारूनही मावा पुन्हा पुन्हा का येतो?

थंडीची चाहूल लागते, दोन-चार दिवस आभाळ भरून येतं आणि तीच तक्रार सुरू होते. चवळीचे शेंडे काळे पडले, वालाच्या फुलोऱ्यावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, बसला, करडई हाताला चिकट लागायला लागली. निंबोळी अर्क, म्हणजे कडुनिंबाच्या बियांचा अर्क मारला, दोन दिवस बरं वाटलं, आठवड्याभरात जैसे थे. मग कुणी तंबाखू उकळतं, कुणी अर्कात कपडे धुण्याची पावडर ढवळतं, आणि शेवटी "हे नैसर्गिक वगैरे आपल्याकडे चालत नाही" म्हणून दुकानातली सगळ्यात जहाल बाटली घरी येते. तिने मावा मरतो, मावा खाणारे किडेही मरतात आणि पुढच्या पंधरवड्यात मावा आधीपेक्षा दाट येतो.

अर्क निकामी ठरतो तेव्हा दोष बहुधा चार ठिकाणी असतो: बी जुनं, पाणी जड, फवारणीची वेळ चुकीची, आणि अर्काकडून केलेली अपेक्षाच त्याच्या स्वभावाबाहेरची. म्हणून खाली नेहमीच्या तक्रारी घेऊन एकेक कारण बघू.

आधी तो मावाच आहे का?

शेंडा खुडा आणि साध्या दहापट भिंगाखाली धरा. मावा मऊ असतो, मागे फुगीर आणि तोंडाकडे निमुळता. पाठीच्या शेवटी दोन बारीक नळ्या मागे आलेल्या दिसतात. त्या दिसल्या की शंका उरत नाही. चवळी-वालावरचा आणि करडईवरचा मावा काळा, कपाशी-भेंडीवरचा पिवळट हिरव्यापासून काळपट हिरव्यापर्यंत. त्यांच्या मधे मधे पांढरे पापुद्रे पडलेले असतात. त्या माव्याने टाकलेल्या काती. त्या बघून बरेच जण "पांढरी माशी आली" म्हणतात. पांढरी माशी फांदी हलवली की भुर्रकन उडते, काती जागच्या जागी राहतात. तुडतुडे पानावर तिरके पळतात. मिरचीचा चुरडा-मुरडा दिसला तर माव्याआधी फुलकिडे आणि कोळी शोधा, कारण तिथे उपाय वेगळा आहे.

भिंग हातात आहेच तर अजून थोडं थांबा. माव्याच्या घोळक्यात काही किडे फुगलेले, तपकिरी-सोनेरी, कडक आणि निश्चल दिसतील. तो मेलेला मावा आहे. एका इवल्याशा गांधीलमाशीने त्याच्या पोटात अंडं घातलं आणि आतली अळी त्याला पोखरून खाते आहे. पाठीवर गोल भोक असेल तर नवी गांधीलमाशी बाहेर पडून कामाला लागलेली आहे. त्याच शेंड्यावर काळसर, काटेरी, लांबट आणि अंगावर नारिंगी ठिपके असलेली एक अळी फिरताना दिसेल. ती ढालकिड्याची अळी. मोठा लाल ढालकिडा सगळ्यांना ओळखू येतो, त्याची अळी मात्र "ही कसली नवी कीड" म्हणून चिरडली जाते, आणि खादाड तर तीच जास्त असते. पानावर केसासारख्या बारीक देठावर पांढरी अंडी उभी दिसली तर ती क्रायसोपा या मावा खाणाऱ्या किड्याची.

हे सगळं बऱ्यापैकी दिसत असेल तर पंप खाली ठेवा आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा बघा. बरेचदा तेवढ्यावर भागतं.

"संध्याकाळी फवारलं, सकाळी मावा जिवंतच!"

सगळ्यात जास्त येणारी तक्रार ही, आणि तिचं उत्तर कडुनिंबाच्या स्वभावात आहे.

१९६२ साली दिल्लीवर टोळधाड आली तेव्हा भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचं पाणी पिकांवर फवारलं होतं. टोळ पिकावर उतरले, पण फवारलेली पानं त्यांनी खाल्ली नाहीत. तिथून पुढे निंबोळीची कीर्ती पसरली, आणि ती खरीच आहे. पण टोळ किंवा अळी पान कुरतडते. पानावर बसलेला कडूपणा थेट तिच्या तोंडात जातो. मावा पान खात नाही. तो सुईसारखी सोंड आत खुपसून पानाच्या शिरेतला रस ओढतो. पानाच्या पाठीवर काय फवारलंय याच्याशी त्याच्या तोंडाचा संबंध जेमतेमच येतो.

मग निंबोळीचा उपयोग काय? त्यातलं ॲझाडिरॅक्टिन किड्याच्या कात टाकण्याच्या क्रियेत बिघाड करतं. अंगावर अर्क पडलेली पिल्लं पुढची कात नीट टाकू शकत नाहीत आणि मरतात. माद्यांना पिल्लं कमी होतात. यात दिवस जातात. लगेच जे थोडे मरतात ते अर्कात मिसळलेल्या साबणाने: तो माव्याच्या अंगावरचं मेणाचं पातळ आवरण मोडतो. तोही फक्त जिथे पडला तिथे आणि ओला असेपर्यंतच काम करतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल लावू नका. फवारणीआधी चार-पाच शेंड्यांना रंगीत दोरा बांधा आणि पाचव्या ते सातव्या दिवशी तेच शेंडे बघा. मोठ्या माद्या आहेत पण भोवती पिल्लांचा घोळका नाही, असं चित्र असेल तर अर्क काम करतोय. पिल्लं पहिल्याइतकीच दाट असतील तर पुढची कारणं शोधायची.

"जातो, पण आठवड्यात परत येतो"

आपल्याकडच्या हवेत माव्याची मादी नराशिवायच थेट जिवंत पिल्लं देते. साधारण आठवड्या-दीड आठवड्यात ते पिल्लू स्वतः पिल्लं द्यायला लागतं. एका झाडावर दहा माद्या वाचल्या तरी पुढच्या आठवड्यात शेंडा भरलेला दिसणारच. एका फवारणीत मावा संपवायचा हा विचार सोडून द्या. पाच ते सात दिवसांच्या अंतराने दोन किंवा तीन फवारण्या धरूनच चला. दुसरी फवारणी "आता कमी दिसतोय" म्हणून टाळली जाते, आणि तिथेच घोटाळा होतो.

वाचतात ते कुठे? पानाच्या खालच्या बाजूला आणि गुंडाळलेल्या पानांच्या आत. पाठीवरचा पंप घेऊन चालताना बहुतेक जण वरून भुरभुरत जातात. वरची पानं ओली होतात, माव्याच्या अंगावर थेंबही पडत नाही. नोझलचं तोंड वर करून, झाडाच्या बुंध्याकडून शेंड्याकडे फवारा. एक झाड फवारून झालं की पान उलटून बघा. खालची बाजू ओली नसेल तर ती फवारणी झालीच नाही असं समजा. जी पानं पूर्ण गुंडाळली गेलीत ती खुडून पिशवीत भरून बाहेर न्या, त्यांच्या आत कुठलाच अर्क पोचत नाही. चवळी-वालाचे लडबडलेले शेंडे खुडले तर झाडाचं नुकसान होत नाही, उलट बाजूने फुटवे येतात.

गच्चीवर किंवा परसात दहा-वीस झाडं असतील तर अर्काआधी पाणी वापरा. नळीच्या तोंडावर बोट धरून खालून जोराचा फवारा दिला की मावा गळून पडतो. सोंड तुटून खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. सकाळी पाणी मारा, म्हणजे पानं वाळून संध्याकाळी अर्काला तयार होतात.

मुंग्यांकडे मात्र काणाडोळा होतो. मावा गोड चिकटा टाकतो, मुंग्या तो पितात आणि बदल्यात ढालकिड्यांना आणि त्यांच्या अळ्यांना हुसकावून लावतात. खोडावर मुंग्यांची रांग चालू आहे तोवर माव्याला राखणदार आहे. रांग कुठून येते ते शोधून वारूळ मोडा. कुंड्या असतील तर कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवली तरी वाट तुटते.

आणि युरिया. पीक पिवळं दिसतंय म्हणून हात सैल सोडून नत्र दिलं की कोवळी, रसरशीत फूट निघते, आणि माव्याला तीच हवी असते. ज्या प्लॉटवर मावा दरवर्षी पहिल्यांदा येतो तिथल्या खताचा हिशोब काढून बघा. करडईत पेरणीची वेळही बघा: उशिरा पेरलेल्या करडईला मावा नेहमीच जास्त छळतो. तिथे तो बहुधा बांधाकडच्या ओळींपासून सुरू होतो. त्या ओळी रोज नजरेखाली ठेवल्या आणि वेळीच तेवढ्याच फवारल्या तर सगळ्या शेतावर पंप फिरवायची पाळी टळू शकते.

"मागच्या वर्षी चालला, यंदा तोच अर्क पाण्यासारखा"

इथे बी तपासा. निंबोळी फोडा, आतला गर हिरवट किंवा फिकट तपकिरी असायला हवा. काळा पडलेला, बुरशीचा वास येणारा गर टाकून द्या. त्यात काही उरलेलं नसतं. एका पावसाळ्यातून गेलेल्या, पोत्यात घामेजलेल्या निंबोळ्या दिसायला ठीक दिसतात, पण अर्क फिका उतरतो. दुसरी गोष्ट टरफलाची. पाच टक्के अर्काचं जे प्रमाण सांगितलं जातं ते गराला धरून जमतं. टरफलासकट भरडा तेवढाच घेतला तर अर्क पातळ होणारच, मग भरडा जास्त घ्यावा लागतो. आणि तेल काढलेली निंबोळी पेंड ही जमिनीत घालायची वस्तू आहे, फवारणीसाठी तिच्यावर भिस्त ठेवू नका.

पंधरा लिटरच्या एका पंपासाठी ७५० ग्रॅम गर लागतो. तो जाडसर कुटा. मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत वाटू नका, गरमही होऊ देऊ नका. दीड-दोन लिटर पाण्यात भिजत घाला. रात्री भिजवून सकाळी गाळायची पद्धत रूढ आहे, पण मला पहाटे भिजवून त्याच संध्याकाळी वापरणं जास्त पटतं, कारण अर्क ताजा राहतो आणि फवारणी तशीही संध्याकाळीच करायची असते. भांडं सावलीत झाकून ठेवा. नंतर जुन्या सुती साडीचं दुहेरी फडकं घेऊन त्यात हे मिश्रण ओता आणि पुरचुंडी बांधून पिळा. पहिलं पाणी दुधासारखं पांढुरकं उतरतं, हाताला तेलकट लागतं आणि वास नाकात बसतो. चोथ्यात पुन्हा थोडं पाणी घालून परत पिळा. उतरणारं पाणी स्वच्छ दिसायला लागलं की थांबा. सगळं मिळून पंधरा लिटर करा आणि ३० ग्रॅम साधा साबण थोड्या पाण्यात विरघळवून अगदी शेवटी, पंप भरताना घाला. कुंड्यांसाठी हेच प्रमाण एका लिटरला ५० ग्रॅम गर आणि २ ग्रॅम साबण.

हा अर्क उद्यासाठी ठेवायचा नाही. ॲझाडिरॅक्टिन उन्हाने लवकर मोडतं, म्हणूनच ऊन कलल्यावर फवारायचं. सकाळी दहाला फवारून दुपारभर उन्हात ठेवलेल्या अर्काकडून फार अपेक्षा करू नये. फवारल्यावर रात्रीत पाऊस झाला तर फवारणी परत करावी लागते.

विकतचं निंबोळीयुक्त औषध वापरणाऱ्यांनी बाटलीवरचा पीपीएमचा (दहा लाख भागांत ॲझाडिरॅक्टिन किती भाग) आकडा आधी वाचावा. ३००, १५००, ३०००, १०,००० अशा वेगवेगळ्या ताकदीच्या बाटल्या मिळतात. ३०० आणि १०,००० यांत तेहतीस पटींचा फरक आहे, आणि शेजाऱ्याने "पाच मिली घाल" सांगितलं म्हणून दोन्हींना पाचच मिली घातलं जातं. एकात काम होत नाही, दुसऱ्यात पैसा वाया जातो. मात्रा लेबलवरचीच घ्या. ज्या बाटलीवर ॲझाडिरॅक्टिनचं प्रमाण, नोंदणी क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली नाही, नुसतं "शंभर टक्के सेंद्रिय" आहे, ती घेऊ नका. पैसे देताना पक्कं बिल मागा.

"साबण फाटतो, नोझल तुंबतं"

हे जड पाण्याचं लक्षण. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात साबणाचा फेस होत नाही, पांढरा चोथा होतो. तो जाळीत अडकतो आणि माव्याला मारणारा साबण चोथ्यातच संपून जातो. शिवाय असं पाणी बहुधा अल्कधर्मी असतं, आणि अल्कधर्मी पाण्यात ॲझाडिरॅक्टिनही टिकत नाही. म्हणजे दोन्हीकडून तोटा. मराठवाडा-सोलापूरकडच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ मला इथेच दिसतं.

साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर अर्काला तेच वापरा. नसेल तर सामू (पीएच) तपासायच्या कागदी पट्ट्या स्वस्तात मिळतात. सामू साडेसातच्या वर असेल तर लिंबाचा रस किंवा चिमूटभर लिंबूसत्त्व घालून सहा-साडेसहापर्यंत आणा. इथे एक अडचण येते: आंबट केलेल्या पाण्यात साबण घातला की साबण पुन्हा फुटतो आणि वर चिकट थर येतो. त्यावर रिठा हा चांगला मार्ग आहे. मूठभर रिठ्याची टरफलं रात्री भिजत घाला, सकाळी चोळून गाळा, आणि ते पाणी साबणाऐवजी घाला. रिठा जड पाण्यात फाटत नाही, आंबट पाण्यातही चालतो आणि अर्क पानावर नीट पसरवतो. साबणाइतका तो मारक नाही, पण निंबोळीचं काम बिघडवत नाही. माझी पसंती जड पाण्याच्या भागात सरळ रिठ्यालाच आहे.

"फवारल्यावर पानं करपली"

कपडे धुण्याची पावडर घातली होती का? तिच्यातला सोडा पानं जाळतो. नीमतेल थेट पाण्यात ओतलं होतं का? तेल वर तरंगतं, पंपातून पहिल्यांदा नुसतं पाणी येतं आणि शेवटच्या दोन लिटरमध्ये तेलच तेल. शेवटच्या ओळींची पानं करपतात ती यामुळे. तेल आधी साबणाच्या किंवा रिठ्याच्या घट्ट पाण्यात घोटून दुधट करून घ्यावं, मग पाण्यात मिसळावं. भर दुपारची फवारणी आणि पाण्याचा ताण बसलेलं झाड हीसुद्धा करपण्याची कारणं आहेत. नवीन पीक असेल तर आधी दोन झाडांवर मारून दोन दिवस बघा.

बाकीच्या वनस्पतींचं काय?

दहा झाडांचा पाला कुजवून केलेल्या दशपर्णी अर्काबद्दल लोकांना फार विश्वास आहे. त्यातला वेगवेगळा पाला किडींना नकोसा वाटतो, हे मान्य. पण कडुनिंबाच्या पाल्यात ॲझाडिरॅक्टिन बियांच्या मानाने फारच कमी असतं, आणि महिनाभर कुजवलेल्या पिंपातल्या अर्काची ताकद दर खेपेला वेगळी निघते. मावा यायच्या आधी, आभाळ दिसताच मारायला दशपर्णी ठीक. शेंडे भरून गेल्यावर निंबोळीच बरी. दशपर्णीत कण्हेर असेल तर कोथिंबीर-मेथीवर तो अर्क मारू नका, कण्हेर विषारी आहे. सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीच्या पद्धतीतही रस शोषणाऱ्या किडींसाठी नीमास्त्र आणि पोखरणाऱ्या अळ्यांसाठी अग्निअस्त्र असा भेद केलेला आहे; माव्यावर अग्निअस्त्र मारून निराश झालेल्यांनी तो लक्षात घ्यावा.

सीताफळाच्या बियांचा अर्क माव्यावर खरोखर जहाल आहे, अंगाला लागला तरी मारतो. म्हणूनच जपून. बियांची भुकटी डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. कुटताना चष्मा लावा, मुलांना लांब ठेवा, आणि घरातल्या मिक्सरमध्ये हे काम करूच नका. ढालकिडेही याला बळी पडतात. लसूण-मिरचीचं पाणी मावा थोडा हुसकावतं, पण भरलेला शेंडा त्याने रिकामा होत नाही.

तंबाखूच्या काढ्याला माझा स्पष्ट विरोध आहे. निकोटीनने मावा मरतो, यात वाद नाही. पण ते माणसाच्या कातडीतूनही आत जातं. मळमळ, चक्कर, उलट्या फवारणाऱ्याला होतात. कीटकनाशक म्हणून निकोटीन सल्फेटच्या वापरावर आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे. घरी उकळलेल्या काढ्यात ते किती उतरलं हे कुणालाच कळत नाही, आणि ती भाजी दोन दिवसांनी ताटात येते. टोमॅटो-मिरचीत तंबाखूबरोबर मोझॅकचा (पानांवर फिकट-गडद चट्टे पाडणारा) विषाणू शिरायची भीती आणखी वेगळी.

अर्काने होणार नाही असं

पपईवरचा रिंगस्पॉट विषाणू मावा पसरवतो, आणि त्यासाठी त्याला पपईवर वस्ती करावी लागत नाही. पंखवाला मावा आला, सोंड टोचून चव घेतली, उडून दुसऱ्या झाडावर गेला. एवढ्यात काम झालेलं असतं. निंबोळी काय, कुठलंही औषध त्या वेगाने मारत नाही. तिथे बागेभोवती मक्याच्या दाट ओळी, आजूबाजूला काकडीवर्गीय पिकं न घेणं आणि रोगट झाड दिसताच उपटणं यावरच भर द्यावा लागतो. काकडी-भोपळ्याच्या मोझॅकचंही तसंच.

उसावरच्या लोकरी माव्यातही फवारणीचा हट्ट धरू नये. २००२ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात तो उसळला तेव्हा डोक्याइतक्या उंच उसात पंप घेऊन शिरणंच अशक्य होतं. पुढे त्याला आवर घातला तो डिफा नावाच्या अळीने, मायक्रोमस या मित्रकिड्याने आणि एन्कार्शिया या गांधीलमाशीने. तिथे मित्रकीटक असलेली पानं एका शेतातून दुसऱ्या शेतात नेणं हाच उपाय.

कपाशीच्या कडेने चवळीची ओळ लावायची शिफारस आहे ती याच विचाराने. चवळीवर मावा आधी येतो, त्याच्या मागोमाग ढालकिडे येतात आणि तिथे वाढून कपाशीत उतरतात. त्या ओळीवर मात्र काहीही फवारायचं नाही, काळी दिसली तरी.

पुढच्या हंगामाची तयारी मे ते जुलैत करावी लागते. पिवळ्या होऊन गळलेल्या निंबोळ्या दोन-तीन दिवसांत गोळा करा, पावसात भिजून पडू देऊ नका. साल-गीर पाण्यात चोळून काढा, बिया सावलीत पातळ पसरून पूर्ण वाळवा आणि गोणपाटाच्या पोत्यात, जमिनीपासून उंचावर, हवेशीर जागी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधल्या तर घामेजून बुरशी धरतात. पोत्यावर महिना आणि वर्ष लिहून ठेवा. तीन महिन्यांनंतर वापरायला काढा आणि नऊ-दहा महिन्यांच्या आत संपवा. उरलेल्या कुटून झाडांच्या बुडाशी टाका.